गच्चीवरचे आठ कॉक

बुधवार, संध्याकाळ

दुपारी घरात मी एकटी, आणि मोरीतला नळ तुटून हातात आला. पाणी धो धो. उद्या गुरुवार, पाणी बंद. टाकी संपली तर इमारतीतली आठही घरं कोरडी. मुलाला फोन केला तर म्हणतो, "आई, मेन कॉक गच्चीवर असेल." असेल! बारा वर्षं राहतोय इथं.

वर आठ कॉक, नंबर एकावरही नाही. मी आठही बंद केले. खालची सुनीता डोक्याला शांपू तशीच वर धावली.

"आजी, अहो, आमचं पाणी!"

"तुमचा कुठला ते दाखव, सोडते."

तिलाही माहीत नाही. मग ती माझ्या मोरीत उभी राहिली, मी एकेक सोडला. सहाव्याला ओरडली, "आलं, बंद करा!"

टाकीत वीतभर उरलंय. पुरेल? आणि मी घरी नसते तर?

मुलगा येईलच. बूट काढू देणार नाही, आधी गच्चीवर.