धुणेवालीचा झगा

५ मे, रविवार
नापास! चार महिने खपून हातानं शिवलेला झगा कपडेपटाच्या बाईंनी चुटकीसरशी परत केला.

त्या जुन्या गावाच्या संग्रहालयात मी वर्षानुवर्षं जाते — घरं-भांडी बघायला नाही, कपडे बघायला. तिथं माणसं दोनशे वर्षांपूर्वीच्या फिरंगी पोशाखात खरीखुरी कामं करतात. आता त्यांना रविवारपुरती धुणेवाली हवी आहे. अट एकच — पोशाख स्वतः शिवायचा. माझ्यासाठीच निघालेली जागा!

बाईंनी शिवण उलटून पाहिली. "हात सोन्याचा आहे हो तुमचा. पण ही बाई धुणं धुते की लग्नाला निघालीय?"

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. 'जरा वापरा, मग या' म्हणे. बरं! वापरतेच.

७ मे
झगा घालून फरशी पुसली, भांडी घासली, दूधही आणलं. दूधवाला सुट्टे द्यायचं विसरला. नवरा म्हणतो, "नाटक कंपनीत भरती झालीस का?" हसू दे. हा घोळ सावरत जिना चढून दाखव म्हणावं!

१० मे
लेकीच्या कॉलेजातल्या नव्या मैत्रिणी आल्या. दार मीच उघडलं — झग्यात, हात साबणाचे. त्या बघतच राहिल्या. लेक पटकन म्हणाली, "कामवाली आहे."

तरी मान ताठ ठेवून सगळ्यांना सरबत दिलं. वेष जमला म्हणायचा!

११ मे
ती बोलत नाही. मी तर नाहीच नाही.

१५ मे
खिळ्यात अडकून बाही फाटली. ठिगळ लावलं. घेराची चिखलाची कड धुऊनही जात नाही. आता कुठं झगा माझा वाटायला लागलाय.

१९ मे, रविवार
पास!! बाईंनी ठिगळावरून बोट फिरवलं. "आता कशी धुणेवाली दिसते! पुढच्या रविवारी या."

बाहेर आले तर नवरा तिकीटवाल्याला सांगत होता — "आत गेलीय ना, ती आमची मंडळी!" माझ्यापेक्षा त्याचीच छाती फुगलेली.

लेकीला सांगितलं नाही. कामवालीला काम मिळालं, त्यात काय सांगायचं?

२० मे
बापानं सांगितलंच असणार. लेक मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. सॉरी वगैरे काही नाही. बराच वेळ नखं खात होती. मग म्हणाली, "आई, ओली चादर एकटीला पिळता येते का? माझंही माप घे."