डबीतला गोड आवाज

आप्पा, तुमच्याशी बोलायचं आहे, कारण हे घरात दुसऱ्या कुणाला सांगायची सोय राहिलेली नाही. आईच्या घरी मी कॅमेरा बसवलाय. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या दाराला साधी बेलही नव्हती, म्हणून सांगते. एवढीशी डबी असते, फ्रिजवर बसते, आणि वाशीच्या ऑफिसातून मला फोनवर आई दिसते, तिचं बोलणंही ऐकू येतं. बटण दाबलं की माझा आवाज तिच्या स्वयंपाकघरात निघतो. 'गॅस बंद केलास का?', 'ओल्या फरशीवर चालू नकोस.' खांदेश्वरला ती एकटीच राहते, गुडघे धरलेत, पण माझ्याकडे येऊन राहील तर शपथ. डबी बसली तेव्हा वाटलं, चला, एक घोर मिटला. कुठला मिटतोय!

नवरात्रात तिने घट बसवले. गावाहून काकूंचा फोन आला, आम्हालाही आरती दिसू दे की. देवीच्या दर्शनाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर 'मुंबईला गेली आणि शहाणी झाली' हे वर्षभर ऐकावं लागलं असतं. मी कॅमेऱ्याचा पासवर्ड सरळ भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कुणी तो पुढे कुणाला पाठवला, ते त्या देवीलाच ठाऊक. घट उठले, पासवर्ड तसाच राहिला.

मग एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले. भाकरी थापता थापता ती म्हणते, "त्या डबीतनं बोलतो त्यो कुनाचा गं?"

"कोण बोलतो?"

"आपल्यातलाच हाय कोनतरी. दुपारचा बोलतो. मामी म्हनतो मला. जेवलात का, औषध घेतलं का. लई गोड पोरगं हाय."

मी तव्याखालचा गॅस बंद केला. तू काय काय सांगितलंस, म्हणून विचारलं, तर सगळंच सांगून बसलेली. मी कधी येते, शेजारीण कामाला कधी जाते, जादाची चावी बाहेर चपलांच्या कपाटात कुठे असते. "त्यानं इचारलं, मी सांगितलं. आपल्या मानसापासनं काय लपवायचं?"

त्याच दिवशी कुलूप बदललं, पासवर्ड बदलला. भावकीत एकेकाला फोन केले. सगळ्यांचं एकच, आरतीनंतर आम्ही उघडलंच नाही. पोलीस चौकीत गेले तर तिथल्या साहेबांनी पहिलंच विचारलं, "मॅडम, पासवर्ड कुनाकुनाला दिलाता?" मी ग्रुप दाखवला. ते सभासदांची यादी बोटाने वर सरकवत राहिले, ती संपेचना.

तेव्हा तुमची फार आठवण आली. दिघ्याची आपली ती खोली, मी शाळेतून आलेले, आणि गावचा आहे म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला मी आत घेऊन पाणी दिलेलं. तुम्ही मार्केटातून आलात, अंगाला कांद्याचा वास. त्याच्याशी नीट बोललात, चहा पाजलात. तो गेल्यावर मात्र माझ्याकडे वळून म्हणालात, "पानी उंबऱ्याभाईर बी देता येतंय." एवढंच, पण मला रडू फुटलं होतं. आता मला वाटतं, या डबीला उंबराच नाही, तर पाणी कुठे द्यायचं?

आईला मी खरं सांगितलेलं नाही. म्हटलं, लांबच्या आत्याचा मुलगा होता, नोकरीला लागला, आता त्याला वेळ नसतो. पण तो डबीतला माणूस उद्या दारात उभा राहिला आणि 'मामी' म्हणाला, तर ही बाई कुलूप काढेल, वर चहा टाकेल. ऑफिसात दर थोड्या वेळाने मी फोन उघडते, तिच्यामागचं दार बंद आहे का बघते. लिफ्टमध्ये कुणी नवा माणूस दिसला तरी मी जिन्याने जाते.

आज दुपारी ठरवलं, आता तिला खरं सांगायचंच. बटण दाबलं. डबीत खट्ट झालं असणार, कारण आई ओट्यापासून गर्रकन वळली. तिचा चेहरा केवढा फुलला होता, आप्पा. "आलास व्हय रं बाबा? किती दिस झालं!"

मी बटण दाबून धरलं होतं. बोलले मात्र नाही. माझा आवाज ऐकून तिचा चेहरा उतरेल, याची मला त्या माणसापेक्षा जास्त भीती वाटली.