वरच्या कप्प्यातली बाहुली

९ नोव्हें., रवि.
रफिकभाई सुतार वडगाव निंबाळकरहून रॅक घेऊन आले. बुटका, कडा गोल घासलेल्या. स्वरा तीन वर्षांची. खेळणी तिची तिला घेता-ठेवता यावीत, एवढंच माझं म्हणणं. हॉलमधली शोकेस हलते, म्हणून ती भिंतीला पक्की करायला दोन लोखंडी अँगलपण मागवले होते. ड्रिल लावणार तोच सासूबाई, "दिवाळीला रंग दिलाय. भोकं पाडायची न्हायती." अँगल परत पिशवीत. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

१२ नोव्हें.
रॅकवर चपला! ह्यांचे कंपनीचे बूट सगळ्यात वर. सासूबाई खूश. "बरं झालं, दाराशी पसारा व्हत व्हता." खेळणी पुन्हा गोणीत. नणंदेनं दिलेली बोलकी बाहुली मात्र शोकेसच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकसकट. लेकीनं आणलेली ना. पाहुण्यांनी बघायची, पोरीनं खेळायची नाही. मी भांडी आपटली. दुसरं काय करणार.

१८ नोव्हें.
शोकेस पुढं आली. स्वरा खालच्या कप्प्यावर पाय देऊन चढली होती. चपाती तव्यावर टाकून धावले, शोकेस खांद्यावर झेलली. काच फुटली. पोरीला खरचटलंही नाही, नशीब. सासूबाईंनी आधी बाहुली उचलली. मग, "पोरीला वळण न्हाय. आईचं ध्यान कुठं अस्तंय!"
हे लोणी देवकरच्या कंपनीत, ड्यूटीवर. फोनवर म्हणाले, रविवारी बघू.

२० नोव्हें.
नवी काच बसली. त्याला माणूस लगेच मिळाला. खांदा अजून ठणकतोय.

२३ नोव्हें., रवि.
मटण झालं, झोप झाली, मॅच झाली. अँगलचं नाव काढलं. "आईला कशाला दुखवायचं? तू लक्ष ठेव की." ह्या माणसाला पोरीपेक्षा भिंत जवळची.

२५ नोव्हें.
सासूबाई भिशीला गेल्यात. स्वरा स्टूल ओढत शोकेसपाशी. ओरडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मम्मी, तू शोकेस धर. मंग पडनार न्हाय."
घरात एवढी मोठी माणसं, आणि कळलं कुणाला तर हिला.
बाहुली काढून दिली. प्लास्टिक तिनंच फाडलं. रफिकभाईंना फोन केला. "येतो वहिनी लगेच, पन आजींनी इचारलं तर?" म्हटलं, भिंत माझीपण आहे म्हणून सांगा. मी म्हणाले तर खरं.
अँगल पिशवीतून काढून ठेवलेत. सासूबाई पाचला येतात.