दुकान, सहा चेहरे आणि दाराची पाचर यांच्या व्यवस्थेबाबत

मी, खाली सही करणार, वय वर्षे चोपन्न, धंदा खेळण्यांची विक्री व दुरुस्ती, आज पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या पित्ताशयात खडे झाले असून ते उद्या सकाळी पित्ताशयासकट काढायचे आहेत. शस्त्रक्रिया किरकोळ आहे असे सर्जन म्हणतात. गिऱ्हाइकाचे खेळणे उघडण्यापूर्वी मीही किरकोळ हाच शब्द वापरतो. उघडल्यावर आत काय काय निघते ते मला ठाऊक आहे, म्हणून हा कागद.

माझ्यावर कोणाचाही दाब नाही. "अहो, पित्ताशयासाठी कोणी मृत्युपत्र करतं का?" असे पत्नी दोनदा म्हणाली, तो दाब समजू नये.

घर, दुकान, हत्यारे यांची वाटणी माझ्यामागे कोणीही केली असती. हे लिहावे लागत आहे ते पाचव्या आणि सहाव्या कलमासाठी. माझी नात माझ्याशी बोलत नाही, आणि ही गोष्ट अर्धवट ठेवून मला टेबलावर आडवे व्हायचे नाही.

कलम १. राहते घर पत्नीचे. ते पूर्वीही तिचेच होते, कागद तेवढा माझ्या नावावर होता. माळ्यावरच्या खोक्यांत माझी बालमनावरची पुस्तके आहेत. ती रद्दीत देऊ नयेत. द्यायचीच झाल्यास समासात मी जिथे "चूक" असे लिहिले आहे ती पाने आधी कोणीतरी वाचावीत.

कलम २. मी नववीत शाळा सोडली. मुलांच्या मनाबद्दल मला जे कळते ते मी स्वतः वाचून आणि गल्ल्यामागून पाहून कमावलेले आहे. दुकानात दारापाशी एक बुटके स्टूल आहे. मूल त्यावर बसते, मी मोठ्या माणसाला प्रश्न विचारतो: हे शेवटचे कशासाठी रडले? एकटे असताना काय करते? घरात याच्याशी खेळणार कोण? बहुतेकांचा पारा तिथेच चढतो. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मी दुकानात आलोय की चौकीत?" मी म्हणालो, "औषधाच्या दुकानात दुखतंय कुठे ते सांगता ना? मग?" ते समोरच्या दुकानातून भला मोठा रोबो घेऊन गेले. रोबो चालतो, बोलतो, गातो आणि टाळ्यासुद्धा स्वतःच वाजवतो. त्याला मुलाची गरजच नाही.

जे खेळणे सगळे स्वतःच करते ते मुलाला प्रेक्षक करून सोडते, आणि जी भेट देणाऱ्याचा फोटो चांगला यावा म्हणून निवडलेली असते ती देणाऱ्यानेच घरी न्यावी, हे माझे मत मी मरणोत्तरही बदलणार नाही.

कलम ३. मेहुण्याबद्दल. पत्नीचा हा धाकटा भाऊ दिवाळे निघालेला धंदा सोडून आठवडाभर हाताशी म्हणून दुकानात आला आणि अजून आठवडा संपलेला नाही. मुलांचा भावनिक विकास हे शब्द त्याने माझ्या तोंडून उचलले आणि चिकटपट्ट्या छापायचे यंत्र आणले. तेव्हापासून दुकानातली शिटी ही शिटी राहिली नाही, तिच्यावर "आत्मविश्वास" आहे. ढोलावर "अभिव्यक्ती". प्लास्टिकच्या पळीवर "जबाबदारी". तोच ट्रक, तीच चाके, पण "सहानुभूती" चिकटवली की खपतो.

एकदा एक आई "सहकार्य" लिहिलेला पट परत घेऊन आली. म्हणाली, "दोघा भावांनी याच पटानं शेजारच्या पोराचं डोकं फोडलं!" मेहुणा शांतपणे म्हणाला, "दोघांनी मिळून ना ताई? मग झालं की सहकार्य." तिने पट बदलूनसुद्धा मागितला नाही. हसत गेली. असल्या माणसाला मी काय करणार?

सबब चिकटपट्टीचे यंत्र मेहुण्यास देत आहे. दुकान देत नाही. त्याने "भाऊजी, दुकानाचं पुढे काय?" असे गेल्या महिन्यात जे विचारले, त्याचे हे उत्तर. त्याने स्वतःच्या कपाळावर कोणती पट्टी लावावी हे त्याने ठरवावे. पगारावर ठेवण्यास माझी हरकत नाही, कारण गिऱ्हाइकाला हसवण्यात त्याचा हात मला धरता येणार नाही.

कलम ४. दुकान, मालासह, माझ्या मुलीला. पेचकस, पकडी, शिकंजे, सरसाचे भांडे आणि बाहुल्यांच्या डोळ्यांचा डबाही तिलाच. एक अट आहे व ती मोडल्यास दान रद्द: मालक हजर नसताना खेळणे दुरुस्त करायचे नाही. मालक म्हणजे पैसे देणारा नव्हे, खेळणारा. स्क्रू त्याच्या मुठीत द्यायचे. आधी त्याला विचारायचे की दुरुस्त करू का. काही मुले नको म्हणतात. एका मुलीने चाक गेलेली गाडी तशीच नेली, कारण ती "आता दवाखान्यात राहते". तिचे वडील माझ्यावर चिडले, पण गाडी कोणाची होती?

जावईबापूंना, गिऱ्हाइकाकडून परत आलेले रिमोटचे हेलिकॉप्टर. घरी यायला उशीर जितका मोठा तितके लेकीच्या भेटीचे खोके मोठे, ही त्यांची पद्धत मी ओळखून आहे. त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, इतका त्यांना उशीर झालेला आहे. हेलिकॉप्टर लेकीसोबत जमिनीवर बसून उडवायचे, खिशातला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. नाही जमले तर मेहुण्याला द्यावे. तो त्यावर "उंच भरारी" लावील.

कलम ५. आता मुद्दा. माझी नात, वय पाच, जिला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, मुलीसोबत दुपारी दुकानात यायची. अख्खे दुकान तिला मोकळे आहे. मी तिच्यासाठी प्रत्येक वयाला प्रश्न विचारून, पुस्तके चाळून, अगदी तोलून मापून भेट निवडली. त्यात सर्वांत मोलाची म्हणजे लाकडी सहा चेहऱ्यांची पेटी: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, किळसलेला, चकित. मुलाला आपल्या मनातले ओळखता यावे म्हणून. रंग बिनविषारी, कडा घासलेल्या, पेटीवर "वय तीन ते सहा". भिंगरीने पेटी उघडली, बंद केली, आणि दाराची पाचर उचलून नेली.

दुकानाचे दार स्प्रिंगचे आहे, आपोआप मिटते. माल येतो तेव्हा त्याखाली लाकडी पाचर सारतात. चौकटीच्या उरलेल्या तुकड्याची मीच तासलेली. मी तिला ठोंब्या म्हणायचो. भिंगरीने त्या ठोंब्याला काच पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळले, बुटांच्या खोक्यात निजवले आणि त्याच्यासाठी कोणी मोठ्याने बोलायचे नाही असा दुकानात कायदा केला. मी गिऱ्हाइकांना सांगायचो की मुलाची स्वतंत्र निवड अशी असते. मनातून मला त्या सहा चेहऱ्यांचे वाईट वाटत होते, पण तो प्रश्न वेगळा.

माल आला त्या दिवशी ट्रॉली दारात अडकली. मेहुणा ओरडला, "भाऊजी, पाचर कुठंय?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने खोक्यातून ठोंब्या काढून लाथेने दाराखाली सारला. ट्रॉलीचे चाक बरोबर त्याच्यावरून गेले. उभा चिरला. भिंगरीने जी किंकाळी फोडली ती शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून ऐकली.

मी घाबरलो नाही. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे "रडू नको" असे म्हणालो नाही. ते बरोबरच केले. मग सहाही चेहरे टेबलावर ओळीने मांडले आणि विचारले, "बाळा, यातलं आत्ता तुला कोण वाटतंय?"

"ठोंब्या मोडला!"

"हो. पण त्यामुळे तुला काय वाटतंय? हा बघ, रागावलेला. हा दुःखी."

"आजोबा, ठोंब्या मोडला!"

"आधी चेहरा दाखव, मग ठोंब्याचं बघू."

तिने हाताच्या एका फटक्यात सहाही चेहरे खाली पाडले. चकित टेबलाखाली गेला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा कुठला?"

"माझा?"

"तुझा चेहरा कुठला?"

मी तिला सांगितले की हे खेळणे लहान मुलांसाठी आहे, पेटीवर वय छापलेले आहे. ती पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती दुकानात आली नाही. मुलीला फोन केला की मागून तिचा खणखणीत आवाज येतो, "आजोबांना सांग मी झोपलेय!"

मेहुणा म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका भाऊजी, रबराची नवी पाचर आणतो. वर पट्टी लावू, 'स्थैर्य'." पत्नी म्हणाली, "अहो, पोर रडत होतं आणि तुम्ही त्याची परीक्षा घेत होता." तिचे मत येथे नोंदवले आहे. त्याच्याशी सहमत असणे मृत्युपत्र करणाऱ्यावर बंधनकारक नाही. पद्धत बरोबरच होती.

कलम ६. ठोंब्याचे दोन्ही तुकडे फडक्याखाली, खोक्यात, दुरुस्तीच्या टेबलावर आहेत. मी ते चिकटवलेले नाहीत. हात शिवशिवले, पण कलम चारचा नियम दुकानाच्या मालकालाही लागू आहे. रबराची पाचर मी आणू दिली नाही. दार मिटत राहते, गिऱ्हाइके खांद्याने ढकलून येतात आणि शिव्या देतात.

मी परत आलो तर प्रश्नच नाही. न आल्यास ठोंब्या, फडके व खोके हे सर्व भिंगरीच्या एकटीच्या मालकीचे. मुलीने तिला बुटक्या स्टुलावर बसवावे, सरस तिच्याच हाताने लावू द्यावा, शिकंजा आवळावा, आणि सरस वाळेपर्यंत तिला काय वाटते हे कोणीही विचारू नये. वाळल्यावर ठोंब्या दाराखाली जाईल की खोक्यात राहील हे ती ठरवील. खोक्यात राहिला तर दार मिटू द्यावे. दुकान उघडे आहे हे काचेतून दिसते.

पुरवणी. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर शिंप्याने सही केली. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर पेन शोधत म्हणाले, "तुमची शुद्ध ठिकाणावर आहे असं मी कसं लिहू? मला फक्त दातांचं कळतं." मी म्हणालो, "ते मी स्वतःच लिहिलंय, तुम्ही नुसती सही करा." तेवढ्यात दार ढकलले गेले आणि मुलगी मला भेटायला आली. तिच्यामागे भिंगरी. माझ्याकडे न बघता ती टेबलाशी गेली आणि तिने फडके उचलले.

"चिकटवला नाहीस?"

"तू नव्हतीस."

"मग?"

"मालक नसताना दुरुस्ती नाही."

मुलीने "भिंगरी, आधी आजोबांना सॉरी..." अशी सुरुवात केली, तिला गल्ल्याशी बसलेल्या पत्नीने डोळ्यांनीच गप्प केले. भिंगरी स्टुलावर बसली. मी सरस पुढे केला. तिने तो अर्धे भांडेभर लावला. एवढा सरस लागत नाही हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून येथे लिहीत आहे. शिकंजा दोघांनी मिळून आवळला. मेहुणा कोपऱ्यातून काही बोलणार होता, पण नाही बोलला. हेही नोंदवतो.

शिकंज्याला धरून ती म्हणाली, "उद्या तुला कापणार?"

"थोडंसंच. किरकोळ."

"दुखणार?"

"झोपवतात गं आधी."

"आणि उठवतात ना?"

मी शिकंजा आणखी आवळत राहिलो. तो आवळायची काही गरज नव्हती. मग ती उठली, फळीवरून सहा चेहऱ्यांची पेटी घेऊन आली आणि शिंपी माप घेताना बघतो तसे माझ्या तोंडाकडे नीट बघितले. रागावलेला उचलला, ठेवला. आनंदीकडे बघितलेसुद्धा नाही. शेवटी घाबरलेला काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तुझा."

"नाही गं, मी काही..."

"हाच आहे. उशीशी ठेव. आल्यावर परत दे."

सबब सहा चेहऱ्यांपैकी घाबरलेला हा तूर्त दवाखान्याच्या पिशवीत, सदऱ्याच्या घडीत आहे. तो दुकानाच्या मालात धरू नये. परत करायची जबाबदारी माझी आहे आणि ती मी कोणाच्याही नावे केलेली नाही.

पद्धत बरोबर होती, हे मी पुन्हा एकदा नोंदवतो. फक्त पेटीवर "वय तीन ते सहा" छापले आहे त्यापुढे "व चोपन्न" असे मी शाईने लिहिले आहे.

ठिकाण: दुरुस्तीचे टेबल, सरस ओला असताना.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, गुरुवार.

मृत्युपत्र करणार: (सही) खेळण्यांचा दुकानदार

साक्षीदार १: (सही) शेजारचा शिंपी. मजकूर ऐकला, किंकाळीही ऐकली होती.
साक्षीदार २: (सही) दाताचे डॉक्टर. सही करताना मृत्युपत्र करणाऱ्याचे दात वाजत होते, बाकी शुद्ध ठिकाणावर.
सरसाचा अंगठा: भिंगरी. अज्ञान असल्याने साक्षीदार म्हणून ग्राह्य नाही. तो पुसू नये.