यंत्र नाही म्हणालं तर

३ मार्च, सोमवार

समितीवरच्या खुर्चीची खरी किंमत आज कळली— दुकानातली भर गिऱ्हाइकाची सकाळ, उन्हातून दोन खेपा आणि अक्काचा अबोला. पहिल्या दोन गोष्टी परवडल्या.

व्यापाऱ्यांतर्फे मला घेतलंय. सरकारी पेन्शन घ्यायला खिडकीवर आलेला माणूस तोच आहे हे ओळखणारं यंत्र निवडायचंय. फूटपाथवर किल्ल्या घासायचो तो मी, आता कुलपा-तिजोऱ्यांचं दुकान चालवतो, म्हणून मला सुरक्षेतलं कळतं असा समज.

आज बोटाच्या ठशाचं यंत्र होतं. विकणारा इतका गुळगुळीत की मी मनातल्या मनात त्याचं नाव मलम ठेवलं. अध्यक्षबाई, डॉक्टर, हिशेबनीस, मी— सगळ्यांनी बोट टेकवलं. टुं, टुं, टुं. सगळे पास. मलम म्हणाला, "शंभरातले नव्व्याण्णव ओळखणार." आम्ही माना डोलावल्या. परीक्षा घेतली ती खुर्चीत बसणाऱ्यांच्या बोटांवर, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्यासुद्धा.

संध्याकाळी कौतुकाने अक्काला सांगायला गेलो. ती नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली. हॉस्पिटलच्या धुलाईघरात आयुष्य सोड्याच्या पाण्यात गेलं तिचं. बोटं काचेसारखी गुळगुळीत झालीयत, तिचा स्वतःचा फोनही तिचं बोट मानत नाही. मी घाईने बोलून गेलो, "अगं, पेन्शन अडलं तर मी आहे ना." तिथेच माती खाल्ली.

"तू आहेसच रे. पण ते पैसे माझ्या कष्टाचे आहेत, धाकट्या. तू दिलेस की तुझे होतील."

मग पाठ फिरवून भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

५ मार्च, बुधवार

अक्का फोन उचलत नाही. ही म्हणते, "अहो, जगाची कुलपं उघडता, बहिणीचं तोंड उघडेना?"

८ मार्च, शनिवार

आज बुबुळावरून ओळखणारं यंत्र आलं. जरा धीर आला— अक्काचे डोळे ठणठणीत आहेत. पण डॉक्टर हळूच म्हणाले, "पिकलेला मोतीबिंदू असला तर याचंही खात्रीने सांगता यायचं नाही." म्हणजे कुठलंही घ्या, कोणीतरी खिडकीबाहेर राहणारच.

निघताना मलम जिन्यात फोनवर कुजबुजत होता. मी केव्हाच खाली गेलो असं त्याला वाटलं असणार. कुलपातली पिन सरकलेली ऐकू येते अशा कानांना हे काय अवघड! म्हणत होता, "चाचणी ऑफिसातच होऊ दे. मजुरांची बोटं मध्ये आणू नका."

हे सभेतच काढायचं. अक्काचं नाव समितीत काढायचं नाही हे मात्र पक्कं केलंय. नाहीतर म्हणतील, बहिणीसाठी भांडतोय.

१३ मार्च, गुरुवार

जिंकलो!

मलमाची तीच टकळी— शंभरातले नव्व्याण्णव. मी उठलो. म्हटलं, "कुलूप घेताना गिऱ्हाईक विचारतं, मजबूत आहे का? मी उलट विचारतो, दुसरी किल्ली कुठे ठेवणार? तुमचं यंत्र खऱ्या माणसाला नाही म्हणालं, तर त्याने करायचं काय?"

"पुन्हा बोट ठेवायचं."

"पुन्हा नाही म्हणालं तर?"

"असं सहसा होत नाही."

"जिन्यात तुम्ही वेगळं बोलत होतात."

त्याने उचललेला पाण्याचा ग्लास बराच वेळ हवेतच राहिला.

आणि काय ती अध्यक्षबाईंची चपळाई! मी बसतोय न बसतोय तोच त्यांनी ठराव वाचला. आधी बोट. ते चाललं नाही तर डोळे. तेही नाही, तर खिडकीवरच्या अधिकाऱ्याने कार्डावरचा फोटो बघून, आपल्या जबाबदारीवर सही करून पैसे द्यायचे. रिकाम्या हाताने कोणी परत जायचं नाही. एकमताने मंजूर.

निघताना बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात, कुलूपशेठ."

चौथी शिकलेल्या माणसाने एका प्रश्नात आख्खी सभा फिरवली. हे इथे लिहून ठेवतो, बाहेर सांगितलं तर फुशारकी वाटेल. छातीवरचा धोंडा उतरला.

१४ मार्च, शुक्रवार

अक्काने दार उघडलं. मलमाची नक्कल करून सगळं सांगितलं. "परत सांग," म्हणाली. परत सांगितलं. ग्लासापाशी आल्यावर इतकी हसली की डोळे पुसावे लागले. चहात साखर दुप्पट पडली होती, दोघांनीही तो तसाच प्यायला.

कित्येक दिवसांनी गाढ झोपलो.

२० मार्च, गुरुवार

अक्काची नोंदणी झाली. दहाच्या दहा बोटं नापास. डोळे पहिल्या फटक्यात पास. हुश्श— पेन्शन तिचं ते तिचंच.

खिडकीवरची मुलगी तिला म्हणाली, "मावशी, परत आलात? बाकीच्या कुठे आहेत?"

ते 'परत' माझ्या कानात अडकलं. रस्त्यात अक्काला विचारलं. ती धुलाईघरातल्या जुन्या मैत्रिणींना घेऊन आधीच याच ऑफिसात आली होती. सगळ्यांनी अध्यक्षबाईंच्या टेबलावर हात पालथे-उताणे करून दाखवले. बाईंनी एकेकीचं बोट यंत्रावर ठेवून बघितलं आणि त्यांच्यादेखतच ठराव टाइप करायला सांगितला.

"मग मला का नाही बोललीस?"

"तू इतका रंगात आला होतास. कशाला मोडता घालायचा?"

त्या बाईंकडे गेल्या तो मंगळवार होता. मी बोललो गुरुवारी.