बंडीचं इंधन

मी, कोकिळा देवराव नगराळे, वय शेहेचाळीस, अविवाहित, व्यवसाय कादंबरीलेखन (रेशन कार्डावर 'घरकाम'), राहणार मारेगाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार पोटात आहे, डोक्यात नाही; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट माझा भाऊ रोशन पुण्याहून फोनवर दर वेळी म्हणतो, "ताई, असे कागद आताच काहून करून राह्यली?" नागपूरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या पुढची गोष्ट काढली नाही, म्हणून.

१. घर. दोन खोल्या आणि ओसरीचं हे घर माझ्या नावावर आहे. माझे वडील देवराव, निवृत्त शिक्षक, हयात असेपर्यंत त्यांना इथून कोणी हलवू नये. त्यानंतर घर शेजारच्या शीलाताई वानखडे यांना द्यावं. मी उपचाराला जाते तेव्हा बाबांना त्याच जेवू घालतात आणि त्यांचे तेच तेच प्रश्न न चिडता ऐकतात. रोशनला हे मान्य आहे.

२. बँकेतली ठेव बाबांच्या औषधपाण्यासाठी. व्यवहार रोशनने पाहावा.

३. शाली. उमरखेडला एका संमेलनात, परग्रहांवर लिहिते म्हणून मला बालसाहित्याच्या मांडवात बसवलं आणि माइकवरून जाहीर केलं, "आता कोकिळाताई आपल्याला परीची गोष्ट सांगतील." त्या दिवशीची शाल थंडीत शीलाताईंच्या बकरीच्या पाठीवर घालावी. तिला ती शोभते, मी पाहिलं आहे. बाकीच्या वाटून टाकाव्यात. माझ्या शोकसभेत कोणी 'बालसाहित्यिका' म्हणाल्यास त्याला चहा देऊ नये.

४. पुस्तकं. माझ्या पाच कादंबऱ्यांचे हक्क रोशनची मुलगी मोनाली हिला. या कादंबऱ्यांत कापूस वेचणाऱ्या बायांना न्यायला आकाशातून एक यान येतं. बाया त्याला 'बंडी' म्हणतात, कारण बैलांच्या बंडीशिवाय दुसरं कुठलं वाहन त्यांच्यासाठी कधी थांबलेलं नसतं. बंडी त्यांना उमाठी नावाच्या ग्रहावर नेते. सहावी कादंबरी अर्धी आहे. ती कोणी पूर्ण करू नये. शेवट मलाच ठाऊक नाही.

५. बाबा. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची, मनातलं नाही. पण सोपवण्यासारखं माझ्याकडे खरं तर एवढंच आहे.

आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव, गंडे, अंगारे नदीत सोडले. बाबा त्या घरात वाढले आणि आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत राहिले. पहिली कादंबरी मी त्यांच्या हातात दिली, तेव्हा मागचं पान वाचून त्यांनी ती परत केली.

"कोकिळे, आपल्या घरातून चमत्कार मोठ्या मुश्किलीनं बाहेर गेले. तू त्याईले मांगच्या दारानं आनून राह्यली."

"बाबा, हे विज्ञान आहे."

"मंग ह्या यानाचं इंधन सांग."

मी कादंबरी कपाटात ठेवून दिली. पुढे त्यांनी माझं एकही पुस्तक उघडलं नाही, आणि मीही पुन्हा दिलं नाही.

मग त्यांची आठवण जाऊ लागली. एक दिवस त्यांनी आपणहून कपाटातून ती कादंबरी काढली. आता रोज वाचतात, रोज पहिल्यांदाच. त्यातलं सगळं त्यांना खरं वाटतं. दाराशी पिशवी भरून ठेवली आहे: एक सदरा, चष्म्याचं घर, टॉर्च. दिवस उतरला की ओसरीत येऊन बसतात.

"बंडी आली काय वं?"

"नाही बाबा."

"इंधनाचा घोळ असन."

इतकी वर्षं मला एकच वाचक हवा होता. तो मिळाला, आणि असा मिळाला.

मी गेल्यावर ते मला शोधतील. शीलाताई म्हणतात, "मी सांगीन, कोकिळा बंडीत पुढं गेली, तुमची जागा धराले. खुश राहतीन." रोशन म्हणतो, "नाही. बाबांनी आपल्याले खोटं बोलाले शिकवलं नाही. मी खरं सांगीन." मला दोघांचंही पटतं.

मागच्या रविवारी मी खरं सांगून पाहिलं. या मृत्युपत्राचा, वकिलांच्या कारकुनाने टाइप केलेला कच्चा मसुदा बाबांपुढे ठेवला. त्यांनी लाल पेन मागितलं. आईच्या नावाआधीचं 'कै.' खोडून आम्हा बौद्धांच्या रीतीने 'कालकथित' केलं. एक वेलांटी सुधारली. मग माझ्या नावापाशी थांबले.

"हे तुहं हाय?"

"हो बाबा."

त्यांनी माझा हात धरला आणि रडले. आई गेली तेव्हाही इतके रडले नव्हते. शीलाताईंनी चहा आणला. कप खाली ठेवून बाबांनी मला विचारलं, "काहून रडून राह्यली, पोरी?"

खरं सांगितलं, तर त्यांना लेक पुन्हा पुन्हा गमवावी लागेल. खोटं सांगितलं, तर ज्यांनी जन्मभर चमत्काराला दाराबाहेर ठेवलं, त्यांचा शेवट माझ्याच चमत्कारात होईल. पाच कादंबऱ्यांत मी माणसांना वाटेल तिथे पोचवलं. आमच्या ओसरीतून पुढे मात्र मला काही सुचत नाही.

म्हणून या कलमात आदेश नाही. त्या दिवशी जो जवळ असेल, त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहून ठरवावं. रोशनने शीलाताईंना बोल लावू नये, शीलाताईंनी रोशनला. फक्त बाबांची पिशवी रिकामी करू नये, आणि टॉर्चचे सेल बदलत राहावे.

६. बाबांची सही. साक्षीदार येऊन बसले आहेत. बाबा पण येऊन बसले आहेत. आत्ताच विचारत होते, "हे बंडीचेच कागद हायेत ना? तुह्या संगं माह्यं नाव टाकलं काय?" साक्षीदार रूपसिंगभाऊ खाली पाहू लागले. वकीलसाहेब म्हणाले, या सहीला अर्थ नाही. मी पेन बाबांच्या हातात दिलं.

वरचा मजकूर माझा आहे, मला समजलेला आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही केली, त्यांनी माझ्यादेखत केली.

कोकिळा देवराव नगराळे (सही)

साक्षीदार:
रूपसिंग राठोड, झेरॉक्स व टायपिंग, मारेगाव (सही)
निकिता ठावरी, ग्रंथपाल, मारेगाव (सही)

मारेगाव, दि. ९ नोव्हेंबर २०२५

देवराव सखाराम नगराळे (सही, कायद्याने धरू नये)
त्याखाली त्यांच्याच अक्षरात: तयार आहे. निघण्यापूर्वी इंधन तपासून घ्यावे.