तिघांचा तंबू

९ ऑक्टोबर
पोचले एकदाची! स्पोकेनहून सहा तास गाडी हाणली, शेवटचे वीस मैल नुसता खडीचा रस्ता. पण शेवटच्या वळणावर लार्चची पिवळीधमक झाडं दिसली आणि पाठीचं दुखणं विसरले. आठ वर्षं दुकानांच्या कापडी छपऱ्या शिवल्या, आता शिकाऱ्यांना एल्क हरणांच्या मागे डोंगरात न्यायचं. आजवर हे काम ऑर्व्हल टिबेट्स स्वतः करत होते. सत्तरी ओलांडली, दोन्ही गुडघे गेले, म्हणून मला ठेवलं. त्यांनी स्वतः पॅनकेक केले, वर रानबेरीचा मुरंबा. मी पाच खाल्ले. ते म्हणाले, खाण्यात पास झालीस, आता चढण्यात बघू.

१० ऑक्टोबर
दिवसभर कोठारात तंबू मांडून बसले. माझ्या हातांना कापड कळतं, त्यामुळे मजा आली. एकट्यासाठी नुसतं छप्पर, दीड पौंड, दोन काठ्यांवर उभं राहतं. दोघातिघांसाठी मधोमध एकच खांब असलेले शंकूसारखे तंबू. त्यांना तळ नाही, त्यामुळे हलके, आणि आत घडीची पत्र्याची शेगडी पेटवता येते. शिवणी मी सगळ्या तपासल्या, दोन पुन्हा मारल्या.

तंबूवर लिहिलेल्या माणसांच्या आकड्यावर जाऊ नकोस, ऑर्व्हलनी बजावलं. कारखानदाराच्या हिशेबातल्या माणसाजवळ ना ओला कोट, ना बंदूक, आणि तो रात्रभर कूस बदलत नाही. सहाचा तंबू म्हणजे शेगडी धरून तीन शिकारी. हे पटलं. पण त्यांच्या वहीत तिघांना कायम आठाचा तंबू दिलेला दिसला. दोघांना सहाचा. एका बिछान्याची जागा दर वेळी जास्त. कारण विचारलं तर म्हणाले, "असावी." आणि उठून घोड्याला बघायला गेले.

११ ऑक्टोबर
माझी पहिली टोळी आली. कॉर्विन बीझली, जमीन मोजणारा, मोजूनच बोलणारा. आणि त्याचा मेव्हणा टीग, शाळेत गाणं शिकवतो, तोंडाला कुलूप नाही. कॉर्विन इतका घोरतो की त्याचा तंबू शेजारच्या राज्यात लावा, म्हणाला.

सगळं पाठीवर न्यायचं, दहा मैलांचा चढ. मी सहाचा तंबू निवडला. आमचे तीन बिछाने आणि शेगडी, बोटभरही जास्त नाही. निघताना ऑर्व्हल लंगडत मोठा तंबू घेऊन आले. पोरी, हा ने, एकाची जागा जास्त असू दे. मी म्हटलं, चार पौंड जास्त आहे तो. टीग हसला, "म्हातारबा, तुमचा तो चौथा ओझं उचलणार असेल तर घेऊ की!" ऑर्व्हल हसले नाहीत. मी माझाच तंबू घेतला. आता सांभाळायचं काम माझं, मग निवडही माझीच, असं वाटलं मला.

१३ ऑक्टोबर
खिंडीखाली तळ. दाराशी टीग, शेगडीमागे मी, पलीकडे कॉर्विन. टीगला पहिल्याच दिवशी मोठा नर मिळाला. मांस उताराखालच्या, देवदारासारख्या फरच्या झाडाला टांगलं, जास्तीचं सामान आणि एकट्याचं छप्परही तिथेच ठेवलं.

आज सकाळी बाहेर टीगच्या बाजूला, कापडाला अगदी लागून, बर्फात लांबट खळगा होता. कॉर्विन म्हणाला, हरणाचं पिल्लू बसलं असेल. पिल्लू अंग मुडपून बसतं. हे सरळ झोपलं होतं.

१४ ऑक्टोबर
पहाटेपासून हिमवर्षाव. तिघेही आत अडकलो. दुपारी जेवताना टीगच्या बाजूचं कापड आत फुगलं. बर्फ साचला असेल म्हणून मी हात लावून ढकललं. ते मागे गेलं. मग माझा हात परत आत ढकलला गेला. सावकाश.

टीगला वाटलं, कॉर्विन चेष्टा करतोय. पण कॉर्विन माझ्या शेजारीच रस्सा पीत होता. तरी टीगने कापडावर थाप मारली आणि ओरडला, "जागा नाही हो, जागा नाही!"

ते लगेच थांबलं. हसावं असं वाटलं, पण कुणी हसलं नाही.

१५ ऑक्टोबर, सकाळ
टीग मांस बघायला गेला आणि तासाभराने परत आला. बंदूक नाही. बोलत नाही. कॉर्विनने दोनदा डिवचलं, तरी काही नाही. आपल्या झोपायच्या पिशवीत शिरला आणि पडून राहिला. कॉर्विन त्याच्या पावलांवरून बंदूक शोधायला गेलाय.

टीगच्या दाढीतला बर्फ वितळत नाही. शेगडी हातभर अंतरावर आहे.

दुपार
उपग्रहाच्या यंत्रावरून ऑर्व्हलना कळवलं. उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. तसंच उतरवून ठेवते—

त्याच्याशी बोलू नकोस. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याच खिंडीत आम्ही तिघे होतो, तंबू तिघांचाच. वादळात एक अनोळखी शिकारी आला. आत घ्या म्हणाला. मी म्हणालो, जागा नाही. सकाळी कापडाला पाठ लावून गोठलेला सापडला. तो अजूनही जागा मागत येतो, म्हणून तेव्हापासून एक जागा रिकामी नेतो. तुला सांगायची लाज वाटली. ते दोन शब्द उच्चारू नकोस.

ते दोन शब्द टीगने काल—

तीन वाजता
कॉर्विनची हाक. लांबून. रडतोय. टीग घळीत सापडला म्हणतो. गोठलेला, बंदूक छातीशी. म्हणतो, नोला, तो मेला गं, तो मेला—

मग हा—

दार या पिशवीतल्याच्या उशाशी आहे. तंबूच्या कडा बर्फाने दगड झाल्यात. मला बाहेर पडता येत नाही.

ओरडून सांगितलं, आत येऊ नकोस, झाडाखाली एकट्याचं छप्पर आहे, ते घे, खाली उतर. ऐकत नाही. गारठलोय म्हणतो. दार उघड म्हणतो. बाहेरून दाराच्या चेनला हात घातला. चेन वर सरकली, चार बोटं—

दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणाले. ते दोन शब्द. कॉर्विनला म्हणाले.

कॉर्विन शिव्या देत गेला. पावलं ऐकली. खाली चाललीत. देवा, खालीच जाऊ दे.

पिशवीतला उठून बसलाय.

ऐकलं त्याने. माझ्याकडे बघतोय. टीगचा चेहरा, पण तो हळूहळू—

सांगते त्याला, मी तुला नाही म्हटलं. तुला नाही, तुला जागा आहे, ही माझी घे, मी